डोंगरात हेलिकॉप्टर नेण्याआधी: इंदूरच्या गच्चीवरून सुरुवात

दर रविवारी सकाळी रामबागेतल्या आमच्या घरी तीन-चार मुलंमुली येतात. कुणाचे डीजीसीएचे, म्हणजे नागरी उड्डाण खात्याचे, लायसन्सचे पेपर चालू असतात, एखाद-दुसऱ्याचं उड्डाण सुरू झालेलं असतं. चहा-पोहे होईपर्यंत प्रश्न येतोच, "काका, केदारनाथ, लेह तिकडे उडायचं तर काय शिकावं लागतं?" माझी अठरा वर्षं डोंगरात उडण्यात गेली. त्या मुलांना जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो आहे. हे वाचून कुणी डोंगरात उडायला लागणार नाही. त्यासाठी तिथला मुरलेला शिक्षक शेजारच्या सीटवर हवा, आणि तुमच्या हेलिकॉप्टरचं फ्लाइट मॅन्युअल जे सांगेल तेच शेवटचं. पण शिक्षक काय बोलतोय आणि का बोलतोय, हे पहिल्या दिवसापासून कळावं एवढी तयारी घरबसल्या होऊ शकते.

लायसन्सबद्दल थोडक्यात. सगळ्यात आधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी, करून घ्या, फीचे पैसे भरण्याआधी. हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक लायसन्ससाठी किमान १५० तास उड्डाण लागतं, आणि त्यासाठी बहुतेकांना इंदूर सोडावं लागतं. डोंगरातलं उड्डाण हे त्याच्याही पुढचं, वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी तपासणी. घाई करू नका. सपाट मुलखात हात बसलेला नसेल तर डोंगर शिकवत नाही, थेट परीक्षा घेतो.

पहिली पायरी: हवा मोजा

हेलिकॉप्टरला उंची फुटांत कळत नाही, हवेच्या दाटपणात कळते. हवा विरळ झाली की पंख्याच्या पात्यांना धरायला कमी मिळतं, इंजिनाला गिळायला कमी मिळतं आणि शेपटीच्या पंख्याचा जोरही कमी होतो. तिन्ही एकाच वेळी. विरळपणा वाढवणाऱ्या मुख्य गोष्टी दोन, उंची आणि उष्णता. दोन्ही एकत्र मोजायच्या तर 'डेन्सिटी अल्टिट्यूड' काढायची. सोप्या मराठीत, हेलिकॉप्टरला जाणवणारी उंची.

हिशोब पाटीवर होतो. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश, आणि दर हजार फुटांना ते साधारण २ अंशांनी उतरतं. प्रत्यक्ष तापमान त्याहून जितके अंश जास्त, तितके गुणिले १२० फूट उंचीत मिळवायचे.

इंदूरचाच विमानतळ घ्या. उंची सुमारे १,८५० फूट. प्रमाण तापमान येतं ११ अंशांच्या आसपास. मे महिन्याची दुपार, पारा ४२ वर. फरक ३१ अंशांचा, म्हणजे जवळपास ३,७०० फूट. हेलिकॉप्टर उभं आहे इंदूरला, पण त्याला वाटतंय आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. मेमध्ये हवेचा दाबही प्रमाण १०१३ हेक्टोपास्कलच्या खालीच असतो, त्याचे आणखी दोन-तीनशे फूट धरा.

आता हेच केदारनाथला लावा. उंची सुमारे ११,७५० फूट, प्रमाण तापमान शून्याखाली साडेआठ. जूनच्या दुपारी तिथे १५ अंश असले, आणि माणसाला ते गारच वाटतात, तरी फरक साडेतेवीस अंशांचा. जाणवणारी उंची होते साडेचौदा हजारांच्या वर. स्वेटर घातलेल्या यात्रेकरूला जी थंडी वाटते, ती हेलिकॉप्टरच्या लेखी उकाडा आहे. हे मनात नीट बसलं की पुढचं निम्मं समजलं.

विरळ हवेचा आणखी एक परिणाम नवखे हमखास विसरतात. वेगाचा काटा कमी दाखवतो. साडेचौदा हजारांच्या हवेत काटा ६० नॉट (ताशी सुमारे १११ किमी) दाखवत असेल तर खरा वेग ७५ च्या घरात असतो. हा आकडा ध्यानात ठेवा, दरीत वळताना लागेल.

दुसरी पायरी: वजन स्वतः करा

माझ्या फ्लाइट बॅगेत एक ताणकाटा कायम असायचा. सियागंजातून घेतलेला, पन्नास किलोपर्यंतचा, हुकाचा साधा काटा. सहकारी विचारायचे, हा कशाला? कारण डोंगरात पंधरा किलो म्हणजे काय, हे मी एकदा भोगलं होतं. ती गोष्ट पुढे येते.

सियाचिनच्या अगदी वरच्या चौक्यांना चीता हेलिकॉप्टर एका फेरीत जेमतेम वीस-पंचवीस किलो सामान पोचवतं. चीता म्हणजे मूळचं फ्रेंच 'लामा', आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) बांधलेलं. याच लामाने २१ जून १९७२ रोजी फ्रेंच पायलट झाँ बुले यांच्या हाती १२,४४२ मीटर उंचीचा विक्रम केला. पण तेव्हा त्यातली नको ती प्रत्येक वस्तू काढून टाकली होती. ते हेलिकॉप्टर तेवढ्या उंचीवर जातं म्हणून तुमचं भरलेलं हेलिकॉप्टर त्याच्या निम्म्या उंचीवर स्थिर तरंगेल, असं गृहीत धरू नका.

माणसं वजन सांगतात ते बूट, शाल आणि पिशवी सोडून. म्हणून प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं करा, पिशव्यांसकट; सुटं सामान ताणकाट्याला लावा. लाजू नका आणि लाजू देऊ नका. इंधनही मोजून घ्या: जास्त घेतलं तर वर उतरताना जड, कमी घेतलं तर ढग आल्यावर परतायचं कशावर? परतीचं आणि राखीव इंधन आधी बाजूला काढायचं, उरलेल्यातून माणसं आणि सामान ठरवायचं. उलट क्रमाने कधीच नाही.

तिसरी पायरी: हातात किती जोर शिल्लक आहे

जमिनीच्या अगदी जवळ, साधारण पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत, हेलिकॉप्टर तरंगतं तेव्हा खाली ढकललेल्या हवेला जमीन अडते आणि थोडा आधार मिळतो. हा ग्राउंड इफेक्ट. त्याच्या वर आधार नाही, सगळा भार इंजिनावर. मॅन्युअलमध्ये दोन्हींचे वेगवेगळे तक्ते असतात. डोंगरात उतरण्याचं नियोजन नेहमी आधाराशिवायच्या तक्त्यावर करा. सुळक्यावर, उतारावर, उंच गवतावर, भुसभुशीत बर्फावर तो आधार अर्धामुर्धाच मिळतो.

तक्ता घरी पाहायचा, आणि जागेवर पोचल्यावर खातरजमा करायची. उतरायच्या जागेच्या उंचीला या, हेलिकॉप्टर कमीत कमी जोरात सरळ उडतं त्या वेगावर ठेवा. बऱ्याच लहान हेलिकॉप्टरांचा तो ५०-६० नॉटच्या आसपास असतो. आता टॉर्क, म्हणजे इंजिन किती जोर देतंय तो काटा, वाचा. त्या हवेत कमाल किती मिळणार ते माहीत आहे, दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं पॉवर मार्जिन. किती मार्जिन असलं तर तरंगता येईल याचा आकडा प्रत्येक हेलिकॉप्टरचा वेगळा असतो, तो शिक्षकाकडून पाठ करून घ्या. एक लक्षात ठेवा: मैदानात बहुधा टॉर्कची मर्यादा आधी लागते, उंचावर टर्बाइनच्या तापमानाची. डोळा तिथेही हवा.

मार्जिन पुरेसं नसेल तर उतरायचं नाही. खाली कोण वाट पाहत उभं आहे, हा विचार त्या क्षणी करायचा नाही.

चौथी पायरी: वारा दिसत नाही, तो ओळखा

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण पुस्तकात वारा बाणांनी दाखवतात आणि डोंगरात बाण नसतात.

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवला असेल तर निम्मा धडा तुम्हाला आधीच येतो. वारा येतो त्या बाजूच्या कठड्याला पतंग आपसूक वर चढतो, मांजा ढिला सोडला तरी. तोच पतंग एखाद्या उंच इमारतीच्या आडोशाला गेला की गटांगळ्या खातो आणि खाली येतो. मांजा कितीही ओढा. डोंगराला वारा लागतो तेव्हा हेच होतं. वाऱ्याकडच्या अंगाला हवा चढते, हेलिकॉप्टरला फुकटची मदत. माथा ओलांडला की पलीकडे हवा कोसळते आणि घुसळते. तिथे हेलिकॉप्टर मिनिटाला हजार फूट खाली जाऊ शकतं, आणि तुमचं उरलेलं मार्जिन त्यापुढे काहीच नसतं.

मुलांना मी एकदा तरी जाम गेटला नेतो. महूवरून मंडलेश्वरकडे जाताना विंध्याचा कडा तिथे एकदम तुटतो आणि खाली निमाड पसरतो. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा त्या भिंतीवर आपटतो आणि ढग खालून वर, थेट तोंडावर येतात. कागदाचा कपटा कड्याशी सोडला तर तो वर जातो. मग दहा-पंधरा पावलं मागे या आणि पुन्हा सोडा. कपटा कधी इकडे, कधी तिकडे, मध्येच जमिनीवर. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने सहा कपटे सोडले, प्रत्येक कुठे पडला ते वहीत काढलं, आणि मग म्हणाली, "काका, म्हणजे उतरायची जागा कड्याच्या तोंडाशीच बरी, आत नको." वारा समोरून असेल तर बरोबर. तेच हिवाळ्यात, वारा पठारावरून निमाडकडे जात असताना, तोच कडा नको असलेली जागा होतो.

रोजचं वेळापत्रकही आहे. ऊन चढलं की डोंगराचे उतार तापतात आणि वारा दरीतून वर वाहायला लागतो, संध्याकाळनंतर थंड हवा खाली घसरते. हिमालयातल्या मोठ्या दऱ्यांत दुपारचा वारा फार जोराचा होतो. म्हणून तिथलं काम पहाटे सुरू होतं आणि शक्यतो दुपारच्या आत आटोपतं. माथ्यावर गुळगुळीत, भिंगासारखे स्थिर ढग दिसले तर ते देखणे असतात खरे, पण वर वाऱ्याच्या प्रचंड लाटा चालू असल्याची ती खूण आहे. त्या दिवशी माथ्यापासून लांब.

वाऱ्याची दिशा धुरावरून, गवतावरून, पाण्यावरच्या लहरींवरून, आणि हिमालयात देवळाच्या ध्वजांवरून व पताकांवरून कळते. एकाच खुणेवर विसंबू नका. पन्नास मीटरवर वारा उलटा असू शकतो.

पाचवी पायरी: दरीत शिरताना आणि धार ओलांडताना

दरीच्या मधोमध उडायचं नाही. एका कडेने उडायचं, वारा चढतो त्या कडेने, म्हणजे परत फिरायला पूर्ण रुंदी मिळते. आता मघाचा आकडा आठवा. खरा वेग ६० नॉट आणि ३० अंशांचं वळण घेतलं तर त्रिज्या सुमारे १७० मीटर. खरा वेग ७५ झाला की तीच २६० मीटर होते. पूर्ण उलटं फिरायला ३४० च्या जागी ५२० मीटर रुंदी हवी, आणि मागून वारा असेल तर त्याहूनही जास्त. काटा मात्र दोन्ही वेळा ६० च दाखवत असतो. दरी अरुंद होत चालली आणि फिरायला जागा आहे का, असा प्रश्न मनात आला, तर तो प्रश्न येणं हेच उत्तर समजा आणि तिथेच फिरा.

डोंगराची धार ओलांडताना काटकोनात जाऊ नका. पंचेचाळीस अंशांत तिरकं जा, माथ्याहून किमान पाचशे फूट वर, वारा जोराचा असेल तर आणखी वर. तिरकं गेलात आणि पलीकडची कोसळती हवा लागली तर थोडंसं वळूनच दरीकडे निसटता येतं.

तारांचं वेगळं सांगतो. तार दिसत नाही, खांब दिसतो. दोन्ही उतारांवर खांब शोधा आणि तार ओलांडायची तर खांबाच्या डोक्यावरून. डोंगरात गावकरी सामान ओढायला दोरखंड टाकतात, ते नकाशात नसतात.

सहावी पायरी: जागा पाहा, मग उतरा

पहिली फेरी उंचावरून. जागेचा आकार, उतार, जमीन कसली, भोवती काय, ऊन कुठून येतंय, वारा कुठून. त्याच फेरीत सगळ्यात महत्त्वाचं ठरवायचं: जमलं नाही तर निसटायचं कुठून? शक्यतो अशी दिशा निवडा जिथे एका बाजूला जमीन खाली पडते. दुसरी फेरी खालून, तेच जवळून पाहण्यासाठी. माती, सुटे दगड, ताडपत्री, पत्रा. पंख्याच्या झोताने उडेल असं काही तिथे आहे का?

मग अप्रोच, म्हणजे जागेकडे उतरत जाणं. डोंगरात डोळे फसवतात. क्षितिज नसतं, उतार सपाट वाटतो, झाडं नसल्याने दगड घराएवढा की मडक्याएवढा ते कळत नाही. म्हणून वेग ठरवताना काटा आणि जमीन जवळ येण्याचा दर, दोन्हींकडे लक्ष हवं. साधारण १६ ते २४ नॉटच्या दरम्यान पंख्याला पुढच्या वेगामुळे मिळणारी मदत संपते आणि अचानक जास्त जोर लागतो. जायचं की सोडायचं, हा निर्णय त्याच्या आधी. त्यानंतर निर्णय बहुधा तुमच्या हातात राहत नाही.

आता ती गोष्ट. बारा हजारांच्या आसपासचं एक छोटं हेलिपॅड, चेतक हेलिकॉप्टर, हेही मूळचं फ्रेंच. ज्यांच्यासाठी उडत होतो त्यांच्या माणसाने सामानाचं वजन तोंडी सांगितलं, मी मान डोलावली. पोती तोलली नाहीत. चूक माझी, सही माझी होती. आधीच्या फेरीत वारा समोरून होता, तोच असेल म्हणून मी दुसरी फेरी मारली नाही. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात, शेवटच्या तीस मीटरमध्ये वारा मागून लागला. जोर वाढवला. फ्रेंच जातीच्या या हेलिकॉप्टरांचा पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून जोर वाढवला की नाक डावीकडे जातं आणि उजवं पेडल दाबावं लागतं. दाबलं. अजून दाबलं. बूट जिथे थांबला तिथे पुढे काही नव्हतं, पेडल संपलं होतं. आणि नाक शांतपणे डावीकडे सरकतच होतं. त्याच वेळी पंख्याचा आवाज बदलला, जात्यात मूठभर जास्त दाणे पडल्यावर घरघर जड होते तसा. आरपीएम, म्हणजे पंख्याचे मिनिटाला फेरे, उतरत होता.

अशा वेळी हात आपोआप कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारी दांडी, वर ओढतो. खाली चाललोय, ओढा वर. तेच करायचं नसतं. आणखी ओढलं की पात्यांचा कोन वाढतो, आरपीएम अजून पडतो, उरलीसुरली ताकदही जाते. मी कलेक्टिव्ह खाली केला, नाक पुढे दाबलं आणि हेलिकॉप्टर उजवीकडच्या उतारावर सोडून दिलं. दरी उघडी होती. चार-पाच सेकंदांत वेग आला, नाक सरळ झालं, आवाज पूर्ववत झाला. खाली येऊन पोती तोलली. सांगितल्याहून पंधरा किलो जास्त. पंधरा किलो, मागून आलेला वारा आणि न मारलेली एक फेरी. त्या महिन्यात ताणकाटा घेतला.

उजवीकडे दरीऐवजी भिंत असती तर हा लेख लिहिला गेला नसता. ती बाजू मी नशिबाने निवडलेली नव्हती, पहिल्या फेरीत ठरवली होती. तेवढं एक मी त्या दिवशी नीट केलं होतं.

बर्फावर उतरताना झोताने भुकटी उडते आणि सगळं पांढरं होतं. समोर एक ठळक खूण हवीच, काळा दगड, झेंडा, माणूस बसलेला चालेल. ती दिसेनाशी झाली तर भुकटीच्या ढगात शोधत बसू नका, निघा. आणि तरंगत राहू नका. खुणेपाशी वेग शून्य होतानाच टेकवा.

सातवी पायरी: निघताना

आधी थोडं उचलून जोर तपासा, काटे वाचा, मग ज्या बाजूला जमीन पडते त्या बाजूने निघा. सरळ वर चढायचा मोह नको. पुढे वेग मिळू द्या, उतार त्यासाठीच आहे.

आणखी तीन गोष्टी, ज्या वेगळ्या पायऱ्या नाहीत

कमी वेगात, जोर लावलेला असताना, मिनिटाला तीनशे फुटांहून जास्त वेगाने खाली आलात तर हेलिकॉप्टर स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत बसतं. याला व्होर्टेक्स रिंग म्हणतात. मागून वारा असलेल्या उभ्या अप्रोचला हे हमखास. बाहेर पडायचं पुढे वेग घेऊन. स्वित्झर्लंडचे पायलट क्लोद व्हुइशार यांनी बाजूला सरकून लवकर सुटण्याची पद्धत पसरवली, ती शिक्षकाकडून, भरपूर उंचीवर शिका.

ढग. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गरुड चट्टीजवळ धुक्यात कोसळलं, पायलट आणि सहा यात्रेकरू गेले. १५ जून २०२५ ला गौरीकुंडाजवळ खराब हवेत पुन्हा सात जण गेले. ही माणसं देवदर्शनाला निघालेली होती, आणि तुमच्या मागच्या सीटवर बसणारी अशीच असतील, आपल्या राजवाड्याच्या गल्लीतलीही. पुढची दरी बंद दिसली तर परत फिरा, तोही मागची उघडी असतानाच. दोन्ही बंद होईपर्यंत थांबू नका.

आणि शरीर. दहा हजार फुटांवर अर्ध्या तासाहून जास्त किंवा तेरा हजारांवर सतत असाल तर पायलटला ऑक्सिजन हवा, आंतरराष्ट्रीय नियम हेच सांगतात. ऑक्सिजन कमी पडला की माणसाला बरं वाटत नाही असं नसतं. उलट फार छान वाटतं, आणि हिशोब चुकतो. पाणी पीत राहा, काळा चष्मा आणि गरम कपडे दर वेळी सोबत घ्या, फेरी वीस मिनिटांची असली तरी.

पुढच्या रविवारी येणाऱ्यांसाठी काम: इंदूर, महू आणि लेह, तिन्ही ठिकाणांची त्या दिवशी दुपारी दोनची जाणवणारी उंची काढून आणा. लेहच्या विमानतळाची उंची १०,६८२ फूट धरा. तापमान मोबाइलवर मिळेल, गुणाकार मात्र हाताने करा. आणि वहीसोबत कागदाचे कपटे आणा, पाऊस नसेल तर जाम गेटला जाऊ.